पाचवी खेप

या वेळी भूल नाही. जेवून या, म्हणाले डॉक्टर.
म्हणून राजमणीच्या हातची कडक भाकरी, शेंगाचटणी खाऊन
रेल्वे लाइन्सच्या दवाखान्यात
पावणेअकराला नंबर लावला.

खुर्चीच ती, न्हाव्याकडे असते तशी मागे कलणारी.
फक्त पाय वर,
आणि लाज बाहेर चपलांजवळ ठेवायची.
थंडगार जेली. दहा मिनिटं पंख्याची पाती मोजायची.
मग दुर्बीण, सुतळीपेक्षा थोडी जाड.
"लघवी करतोय असं समजा, वंगारी."

आणि पडद्यावर मी.
म्हणजे माझी पिशवी: गुलाबी, ओली, शिरांची बारीक वीण.
डावीकडे टॉवेलाचा फास सुटावा तसं काहीतरी,
शेजारी अजून दोन, पाण्यात डोलणारे.
डॉक्टरांच्या आधी मीच बोट दाखवलं.
एकोणीस वर्षं रंगखात्यात, अकरा तपासणीच्या टेबलावर,
दोष मला लांबून दिसतो.

"गरीब आहे," ते म्हणाले, "खोल जात नाही.
पण चिवट. परत परत येणार."
म्हणजे आमचा धाकटा मेहुणा, मी म्हटलं.
नर्स हसली. नळी हलली. मी नाही हसलो.

पहिल्या वेळी संडासात लाल बघून वाटलं,
हौदातला रंग अंगात मुरला होता, तो निघतोय.
लाल मला कळतो, कोणता पक्का
आणि कोणता पहिल्या पाण्यात सुटतो.
हा सुटत होता.
तेव्हापासून चार वेळा कमरेत सुई,
तीन-तीन दिवस खाटेला लटकलेली दुसरी पिशवी,
आणि खाडे.

आता एक हिरवा ठिपका. टिक. टिक.
फास पांढरा पडला, आक्रसला.
आत कुठंतरी मिरची चुरडल्यासारखं.
हे काम मला येतं.
चादर घडीला जाण्याआधी
उदबत्तीच्या टोकानं सुटे धागे असेच जाळायचो,
कापडाला चटका न लावता, श्वास धरून.
डॉक्टरांनीही धरला होता. मी ऐकत होतो.

सतरा मिनिटं.
पँट माझी मीच चढवली,
सात रस्त्यापर्यंत चालत गेलो, वाटेत दोनदा ताक.

राजमणीनं विड्यांचं सूप मागच्या खोलीत नेलंय.
माझ्यासमोर वळत नाही.
तिला कुणी काही म्हटलेलं नाही.

संध्याकाळी कडी लावून उभा राहिलो.
आधी गुलाबी, मग फिकट,
मग नळाला चार दिवसांनी येतं तसं.

नोव्हेंबरची तारीख तिनं कॅलेंडरवर
तेलुगूत लिहिली, कुणाला कळू नये म्हणून.
आमच्या बोळात सगळ्यांनाच तेलुगू वाचता येतं.