ब्रेकव्हॅनचं माप

इंजिनाला तीन ट्रायल झाल्या.
छातीवर काळं रेक्झिन, खांद्याला पिस्टन,
आणि धुरासाठी टर्किश टॉवेलचा सेकंड माल.
फणीनं विंचरून त्याचे फासे मोकळे केले मी
साखर पेठेतल्या माडीवर, रात्री दोनला,
शेजारचे लूम थांबून
शांतता कानाला टोचायला लागली तेव्हा.
"अजून झळकायला पाहिजे," जेऊरकर सर म्हणाले.
इंजिन म्हणजे प्रसन्न. त्याला आठ गाणी.

इराण्णाला गाणं नव्हतं.
कोरसमधली एक ओळ, तीही
बाकीचे डबे पुढं निघून गेल्यावर.
त्याचं माप माझ्या वहीत
पार्सलव्हॅनच्या पानामागं, पेन्सिलीनं:
छाती अडतीस, उंची... उंचीवर चहाचा डाग.

मी गणवेश शिवते.
जूनच्या आत साडेचारशे शर्ट, एका खाकीचे.
आत कोण जाणार ते मला कधी कळत नाही.
म्हणून असेल,
या नाटकात उरलेल्या माणसांवर
उरलेल्या कपड्यातून हात छान बसला.

मालडब्यांना चादरी, मोराची मान चुकलेल्या.
पँट्रीकार कोनापुरे वहिनी; त्यांच्या घेराला चोवीस चमचे,
चालल्या की पेटीच्या वर वाजायचे.
टँकरच्या पोटात छत्रीच्या काड्या घातल्या,
त्यामुळं बसता येईना त्याला.
दोन महिने उभ्यानं चहा प्याला बिचारा.

इराण्णासाठी राहिलं काय?
वॉचमनच्या जाकिटांची चमकपट्टी, अडीच मीटर.
पाठीवर तिची मोठी फुली मारली,
दुहेरी शिवण, टोकांना जादा टाके.
सर हसले. "पाठ कोण बघतंय, भूदेवी?
तो दिसणार तो जाताना."
म्हणूनच की, मी म्हटलं.
मनात म्हटलं. तोंडात टाचण्या होत्या.

इन्स्टिट्यूटच्या स्टेजवर प्रयोग. दुसरा अंक.
एक एक डबा विंगेतून माझ्या अंगावरून बाहेर गेला,
इराण्णा गेला नाही.
पार्सलशी जोडणारा हूक निघालेला
(हूक माझाच, डझनावर आणलेला)
आणि फुलीचं टोक सेटच्या खिळ्यात.

पॉइंट्समन झाले होते लतीफचाचा मुजावर.
खरेच पॉइंट्समन. चौतीस वर्षं होटगीला.
नाटकात काम एवढंच:
गाडी गेली की हिरवा कंदील हलवायचा,
मग इंजिनाचं शेवटचं गाणं.
पेटी वाजली, तबला समेवर आला.
कंदील हलला नाही.
पेटीवाल्यानं तीच ओळ परत घेतली. परत घेतली.
सरांचे समोरच्या विंगेतून हातवारे,
प्रसन्न तोंड उघडून उभा,
कपाळाला माझा धूर घामानं चिकटलेला.

चाचा म्हणाले, साध्या आवाजात, संहितेत नसलेलं:
"फुली दिसली नाही मला.
गाडी अख्खी आली असं कसं म्हणू?
सुटलेला डबा रुळावरच असतो,
आणि मागून दुसरी गाडी येत असते."

कुणी खोकलं नाही.
मागच्या रांगांत रेल्वे कॉलनी बसलेली,
तिथून एक म्हातारा उठून उभा राहिला फक्त.

सोडवायला वेळ नव्हता. मी कापलं.
स्वतःची दुहेरी शिवण, दोन इंच, कात्रीनं.
इराण्णा निघाला. नाच नाही, ताल नाही,
शाळेत तास संपल्यावर घंटा द्यायला जातो
तसा, जरा वाकून.
अर्ध्या स्टेजवर तो वळला,
बाल्कनीतला दिवा पाठीवर पडला
आणि फुली पेटली. एक टोक तुटकं.
चाचांनी ती नीट बघून घेतली,
मग कंदील.

इंजिन त्या रात्री फार छान गायलं म्हणतात.
मला नाही माहीत.
मी विंगेत गुडघ्यावर बसून
ते दोन इंच शोधत होते.