एकावन्नावं घर

तालुक्यातली एकशे एक घरं मी ओळीत उभी करते,
कागदावर अर्थात.
सगळ्यांत कमी मिळकतीचं डाव्या टोकाला,
सगळ्यांत जास्तीचं उजव्या.
मग दोन्हीकडून एकेक खोडत आत येते.
उरतं ते एकावन्नावं.
ऑफिसात त्याला मध्यक म्हणतात.

पहिल्या फेरीत ते झिलू वेळीपाचं निघालं.
रिवणच्या चढावर घर, अंगणात टिप्पर,
टिप्परच्या कपाळावर लाल अक्षरांत मुलीचं नाव: प्रणिशा.
"हप्तो वजा करून सांगूं, का तसोच?"
माझ्या फॉर्मात या प्रश्नाला चौकट नव्हती.
त्या रात्री केस धुतले तेव्हा
बादलीच्या तळाशी तांबडा साका.

दुसऱ्या फेरीत खाण बंद.
टिप्पर त्याच जागी, पण विटांवर;
खाली कोंबडीने खळगा केलेला.
झिलू सरकत सरकत नवव्या जागेवर गेलेला,
आणि मधोमध पिएदाद बार्रेटो.
ती तसूभरही हलली नव्हती.
बालवाडीतल्या मदतनिसाचा पगार,
बोटीवरच्या मुलाचे पैसे, आले तर.
तिच्या उजवीकडचे तिला ओलांडून डावीकडे गेले, एवढंच.
सांगायचं नसतं, तरी मी तिला सांगितलं.
"बक्षीस आसा?" तिने विचारलं.

काजूच्या दिवसांत विचारायला जाऊ नये.
डॉक्टरला दिलेल्या हुर्राकाच्या दोन बाटल्या,
लेकीकडे धाडलेले सोलांचे डबे,
कुळागरातली सुपारी, जी अजून झाडावर आहे
पण जिच्यावर उचल घेऊन झाली आहे,
हे कुठल्या रकान्यात?
मी समासात लिहिते. समास कोणी वाचत नाही.

रुपयावर माझा भरवसा नाही,
म्हणून मी गुपचूप नारळांत मोजते.
पिएदादचा महिना पूर्वी पाचशे नारळांचा होता.
आता पगार दुप्पट झाला,
नारळ पावणेतीनशे.
ऑफिसात हे चालत नाही. तिथे निर्देशांक आहे.

मग सहा वर्षं फेरीच झाली नाही. निधी नव्हता.
पाटकर साहेब म्हणाले, दोन ठिपके आहेत ना,
पट्टी लाव.
मी लावली. सरळ, किंचित चढती रेघ.
त्या रेघेखाली कुठेतरी
झिलूने टिप्पर भंगारात घातला,
आणि त्याआधी, म्हणे, अर्धा दिवस बसून
मुलीचं नाव पत्र्याने खरवडून काढलं.

तिसऱ्या फेरीत मध्यक घसरला.
कोणाची कमाई घटली नव्हती.
मी तीन दिवस बेरजा तपासल्या.
मग उगेंतले ते दोघे भाऊ आठवले:
छप्पर एक, चुली दोन.
आमच्या पुस्तकात घर म्हणजे चूल.
थोरलीने कढी वेगळी रांधायला घेतली,
अशा सतरा घरांत सतरा जणींनी घेतली,
आणि तालुका बाराशे रुपयांनी गरीब झाला.

ओळीच्या उजव्या टोकाला तो बंगला आहे,
कुत्र्यांचा, उंच फाटकाचा.
त्याची मिळकत दहापट होवो, शंभरपट होवो,
सरासरी लगेच त्याच्यामागे धावते.
मधलं घर जागचं हलत नाही.
या सगळ्या गणितात मला एवढीच गोष्ट आवडते.

काल रिवणला गेले. दार प्रणिशाने उघडलं,
वेर्ण्याच्या औषधकंपनीचं ओळखपत्र गळ्यात.
फॉर्म तिने माझ्या हातून घेतला, स्वतःच भरला,
बापाची पहारेदारी, आईचं शिवण, स्वतःचा ओव्हरटाइम,
आणि प्रत्येक आकड्यापुढे लहान अक्षरांत: अंदाजे.
"आमचें घर कितवें?"
अजून चाळीस घरं बाकी आहेत, मी म्हटलं.
झिलू माडाखाली उभा होता. त्याने काही विचारलं नाही.
बस सहाची होती.