बिन कार्ड क्रमांक ४१७

ओझरच्या टाउनशिपमधून सायकल काढली
की सव्वासातला गेट, साडेसातला माझं स्टोअर.
आता सतरा दिवस उरलेत.
हर्षला निकमला चार्ज देतोय.
ती विचारते, शेजवळ काका, या रकान्यात
देशाचं नाव तीनदा का खोडलंय?

बस बाई. चहा येऊ दे.

मी लागलो तेव्हा एकच रबरी शिक्का पुरायचा.
सगळ्या खोक्यांवर एकच लिपी,
फळ्यांना परक्या लाकडाचा वास,
आत मेणकागद, आणि ग्रीस असं
की डिसेंबरात नखानंही निघू नये.
भाषांतर विभागातल्या करमरकर बाई
एकेक शब्द सोडवायच्या, स्वेटर उसवल्यासारखा.

मग एका हिवाळ्यात ते नावच गेलं.
कारखाने जागच्या जागी. मधून फक्त बांध पडला.
पंप एका गावात, त्याचं सील दुसऱ्या,
आणि मध्ये कस्टम.
इथे एक यंत्र वॉशरवाचून ताडपत्रीखाली.
तो वॉशर शेवटी याकूब मणियारनं लेथवर काढला,
सातव्या खेपेला.
बांगडीवाल्यांच्या घरातला, गोलाई हातातच होती.

मोहाडीला माझ्या सासुरवाडीत असंच.
वाटण्या झाल्या, विहीर थोरल्याकडे, मीटर धाकट्याकडे.
निफाडच्या कोर्टात एकमेकांकडे बघायचे नाहीत,
पण पहाटे पाचला एक बटण दाबायचा,
दुसरा दारं धरायचा,
आणि द्राक्षाला कळायचंसुद्धा नाही.
त्या दोन गावांचं वीस वर्षं तसंच चाललं.
एकाचं बिल, दुसऱ्याचं खोकं.

आता बातम्या लागतात.
जे नाव मी खडूनं रॅकवर लिहिलं
ते निवेदक चुकीचं म्हणतो, मागे धूर.
मला पत्ता पाठ आहे, पिनकोडासकट.
ज्या गावातून सील यायचं त्याच्यावर,
पंप पाठवणाऱ्या गावाचं...

चहा आला.

रॅकमध्ये शेवटची दोन खोकी,
एक याचं, एक त्याचं, एकावर एक.
वरच्याचं ग्रीस खालच्यात झिरपलंय.
मग काय लिहू, काका?
लिही : जुना साठा. वेगळा करता येत नाही.

नाही घेत, ती म्हणाली. देश निवडावाच लागतो.
तिचं बोट यादीवरून खाली, आणखी खाली गेलं.
माझ्या कपात साय धरली.