दुसरं पाणी

शुक्रवार. गुदैबियातल्या खोलीत एसी बंद,
थर्मामीटर सदुसष्टच्या खाली यायला नको म्हणून.
लोपीसच्या सहलीच्या कूलरमध्ये
नऊ किलो जव, मोड आणलेले, भरडलेले,
आणि जेमतेम बुडेल इतकं पाणी.

"झाकण उघडू नकोस," तो म्हणतो
आणि दर पाच मिनिटांनी स्वतःच उघडतो.
वाफेला कुरडयांच्या चिकाचा वास,
तिसऱ्या दिवसाचं आंबट वजा करून.

पाच किलो होते तेव्हा
शंभरातली ऐंशी साखर हाती आली.
दाणे वाढवले तर
साठावर अडले.
कडक हवी म्हटलं की चिकटपणा करतात लेकाचे.
लोपीस वही आपटतो.

मी हिद्दला समुद्र गोड करतो, बारा वर्षं झाली.
शंभर लिटर आत, चाळीस बाहेर,
उरलेलं जास्त खारट होऊन परत.
तिथं कुणी वही आपटत नाही.

पहिली धार काकवीसारखी. ती बाजूला,
नाताळपर्यंत मुरायला.
मग चोथ्यावर पुन्हा ऊन पाणी, तांब्या-तांब्यानं,
नारळाचा दुसरा रस काढावा तसं.
"एकत्र कर, रात्रभर आटवू."
"सिलिंडर तुझा बाप आणणार?"
पातळ ते पातळच राहू दे,
पंधरवड्यात आपणच संपवू.

चोथा पिशवीत भरताना
त्यानं चिमूटभर तोंडात टाकला, थांबला.
"अजून गोड आहे रे,"
म्हणाला हळूच,
शेजारी ऐकतील अशा बेतानं.