पांढरं काय धरू

दोनशे अठरा पानांचं पुस्तक आलंय सोबत,
आणि चोवीस हप्ते, त्यातला एक फिटलेला.
पहिल्या रात्री मी नुसतं भिंगाचं झाकण काढलं,
लावलं, परत काढलं.
मेनूच्या पोटात मेनू, त्याच्या पोटात आणखी एक,
अंधारात घाट उतरावा तसं,
पाणी कितव्या पायरीला लागेल सांगता येत नाही.

सौदे आटपले की तीननंतर
सांगलीच्या मार्केट यार्डात कुणी ओरडत नाही.
तिथं नेला.
दादा पोत्यांना टेकून बसलेले. एकतीस वर्षं पाठीवर हळद,
आता गुडघे गेले म्हणून फक्त पोती शिवतात.
छपरात दोन पत्रे प्लास्टिकचे, तेवढंच ऊन,
बाकी ट्यूबलाइट.
"उठू का?"
"नको, बसा तसेच."

शटर पन्नासावर आणलं, ट्यूबची लवलव थांबली.
चला, एवढं तरी आलं.
पीकिंग लाल केलं,
सुतळीचा धागा न् धागा पेटल्यासारखा.
मग झेब्रा. उन्हाच्या चौकोनात तिरके पट्टे
सरपटत दादांच्या डोक्यावर चढले.
"कपाळावर मुंग्या चालल्यात तुमच्या," म्हटलं,
तर ते पुसायलाच लागले.

पुस्तक म्हणतं, पांढरी वस्तू भिंगासमोर धरा.
इथं पांढरं काय धरू?
भिंती पिवळ्या, पावत्या पिवळ्या,
कुगेंच्या काट्याजवळ झोपणारं मांजर
पांढरं म्हणून आणलेलं, तेही पोटाखाली पिवळं.
दादांनी खिशातनं रुमाल काढला.
"ह्यो घे. तुझ्या आयनं सकाळीच निळीतनं काढलाय."
मी धरला. बटण दाबलं.
कॅमेऱ्यानं विश्वास ठेवला.

आणि अख्खं गोदाम निळं पडलं.
पोती राखेची, हळद खडूची,
दादा पहाटे पाचच्या एस.टी. स्टँडवरच्या
कुणा अनोळखी माणसासारखे.
पडद्यात वाकून बघितलं त्यांनी,
"हे कुठलं गाव म्हणायचं?"
मी हसले. मग आठवलं,
सातवीत रणखांबे बाई माझी कॉलर चिमटीत धरून म्हणाल्या होत्या,
घरी साबण नाही का गं?
साबण होता. बादली एकच होती.

पान एकशे चार. नी.
"म्हंजी?"
"गुडघा."
"मग माझा बी टाक त्यात, हुतोय का बग नीट."
सांगितलं त्यांना, उजेड फार झाला
की रेघ तिथं जराशी वाकवायची,
मग पांढरं फुटत नाही, आतलं आत राहतं.
सुतळी दातानं तोडत ते म्हणाले,
"वाकलं की फुटत न्हाई. व्हय."
आणि पुढचं पोतं ओढलं.

पंच्याऐंशीवर ठेवला नी.
उन्हात मघापासून नुसता पांढरा डाग होता,
त्यात धूळ दिसायला लागली, कण न् कण,
उडणारी, बसणारी, परत उडणारी.
किती वेळ तेच बघत राहिले.

राहिलं स्किन डिटेल.
रविवारी बुधगावला लग्न आहे. नवरीच्या मामांनी
आगाऊ रक्कम देतानाच सांगितलंय,
पोरगी जरा उजळ येऊ दे.
दादांवर करून बघितलं.
सुरकुत्या गेल्या, अंगठ्याजवळचा दाभणाचा वण गेला,
सराफाच्या कॅलेंडरावर बसवावा असा माणूस झाला.
बंद केलं. मामांचं मामा बघतील.

शेवटी पुस्तकाचंच शेवटचं पान उघडलं,
काहीच न छापलेलं. ते धरलं.
हळद परत आली. दादा परत आले.
रुमाल मांडीवर होता, पिवळा.
हे पांढरं ए मेमरीत आहे.
आधीचं, निळं, बी मध्ये; ते पुसलेलं नाही,
बुधगावात चुकून बटण सरकलं
तर मांडव पहाटेचा होईल आणि बोंब होईल, ठाऊक आहे.

दादा पडद्याकडे जरा वेळ बघत होते.
मग रुमालाची घडी घातली त्यांनी,
डागाची बाजू आत,
आणि खिशात ठेवला.