इतिवृत्त

सभा दहाला सुरू झाली, असं मी लिहिलं.
झाली अकरा वीसला.
तोवर किनाऱ्यावरच्या कांपुंगमधून आलेली चौघं
भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसून होती,
मांडीवर खाऊचे खोके, न उघडलेले.

सेमारांग महापालिका, तिसरा मजला, विषय क्रमांक चार :
हवामान कृती आराखडा, नागरिकांचा सहभाग.
सहभागाला पंधरा मिनिटं.
पडद्यावर नकाशा. जावा समुद्र छान निळा,
आणि बू न्गातियेम राहतात तिथे
फिकट हिरवा पट्टा, 'प्रस्तावित'.

बाई उठल्या. माईक त्यांना उंच पडला,
कुणी वाकवला नाही.
म्हणाल्या, माझ्या दाराची चौकट मोजा.
लग्न होऊन आले तेव्हा नवरा
डोक्यावर माशांची टोपली घेऊन सरळ आत यायचा.
जमीन खचते, भरती चढते, आम्ही भर घालतो.
तीनदा घातली.
आता न वाकता आत येते ती फक्त माझी नात.
तुमच्या या कागदाला तुम्ही आराखडा म्हणता,
आमच्या वाकण्याला काय म्हणता?

मी लिहिलं : एका स्थानिक महिलेने घरांच्या उंचीबाबत
सूचना मांडली. नोंद घेण्यात आली.

फार सोयीचं वाक्य आहे हे.
कुणी घेतली, सांगावं लागत नाही.
घेऊन कुठे ठेवली, तेही नाही.
(मी वर टेकडीवर राहतो.
माझं दार होतं तेवढंच आहे.)

मग प्रामेस्ती, संस्थेची मुलगी, विचारू लागली
कारखान्यांसाठी बांधलेल्या भिंतीला थडकून
पाणी कुणाच्या अंगणात वळतं.
साहेब हसले : ताई, आपण सगळे एकाच नावेत आहोत.
मागून म्हातारे दार्सोनो म्हणाले,
नाव माझी आहे. तुम्ही कधी बसलात?
हशा झाला. साहेबही हसले, जरा उशिरा.
मी लिहिलं : चर्चा खेळीमेळीत पार पडली.

शेवटची तीन मिनिटं उरली असताना
बाईंनी पिशवीतून वही काढली.
अकरा वर्षांची भरती, रोजची,
कुठल्या पायरीपर्यंत, किती वाजता उतरली.
पालिकेचं यंत्र मार्चपासून बंद आहे,
हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं.
साहेबांनी हात पुढे केला :
द्या, झेरॉक्स काढून परत करतो.

वही त्यांनी छातीशी धरली.
मागे दोन दिल्या होत्या, म्हणाल्या.
आता मी वाचते. लिहून घ्या.
आणि वळून माझ्याकडे पाहिलं.
नऊ वर्षांत त्या दालनात
माझ्याकडे पाहून कुणी बोललेलं नव्हतं.

मी लिहीत गेलो. आकडे, वार, पायऱ्या.
एका ठिकाणी त्या थांबल्या, 'या दिवशी सून बाळंत झाली,
पलंगावर विटा रचून',
तेही लिहिलं.
जेवणाची वेळ टळून गेली.
खोक्यांतल्या लेंपरला वास यायला लागला.

सहीआधी साहेबांनी ती सहा पानं काढायला लावली.
काढली.
ती माझ्या खणात आहेत.

पुढची सभा सोमवारी.
विषय क्रमांक एक, नेहमीप्रमाणे :
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.

वाचतो मी.