तांबडा, रेषेबाहेर

पुस्तकाला नाव नव्हतं.
म्हणजे असणार, पण वेष्टन गेलेलं, पहिली चार पानंही,
त्यामुळे गोष्ट सुरू व्हायची थेट
'आणि मग तो हसला' इथून.
कोण हसला, ते सातव्या पानापर्यंत कळत नसे.

माशेलला सोसायटीच्या रेशन दुकानावर
लाकडी जिन्याची एक खोली, तीच लायब्ररी.
खालून रॉकेलचा वास, वरून वटवाघळांचा.
सोयरूबाब रजिस्टरात लिहायचे, 'भुतांचें, फाटकें',
आणि आठ दिवसांनी परत आणलं की
पानं मोजून घ्यायचे, नोटा मोजाव्यात तशी, अंगठा ओला करून.

मी आणि आग्नेल. दोघांत एक वर्गणी, नाव त्याचं.
त्याला देवनागरी अडखळत यायची,
म्हणून वाचायचं माझ्याकडे, चित्रं बघायची त्याच्याकडे,
आणि घाबरायचंही त्याच्याचकडे,
असं मी ठरवून टाकलं होतं.

अकराव्या पानावर आळवंतीण, केस विहिरीत सोडलेले.
कुणीतरी पेनाने तिला चष्मा काढलेला
आणि तरीही ती भयंकर, उलट जास्तच,
आमच्या हिंदीच्या बाईंसारखी.
सोळाव्यावर खाडीतली मगर, तिच्या पोटात पेटता कंदील.
चोविसाव्यावर देवचार.

मानशीच्या दारावर उभा. खांद्यावर घोंगडी, हातात दांडा,
एकाच पायात वहाण.
छापताना कागद सरकला असावा,
तांबडा रंग त्याच्या अंगावरून तांदळाभर डावीकडे गेलेला.
ओठ इथे, ओठांचा तांबडा तिथे.
डोळा इथे, डोळ्यातला जाळ कानाकडे निघालेला.
आम्हाला छपाई कुठे ठाऊक.
आम्हाला वाटलं, भूत म्हणतात ते हेच,
ज्याचा रंग त्याच्यापासून जरा बाजूला उभा राहतो.

मग कितीतरी दिवस आम्ही माणसं तपासत फिरलो.
सायकलवरचा पोदेर. ठीक.
जत्रेतला खाजेवाला, रंग जागच्या जागी.
आग्नेलचा बाप कुवेतहून आला त्या सुट्टीत
आग्नेल त्याच्याकडे जेवण होईपर्यंत बघत राहिला
आणि बाहेर येऊन म्हणाला,
"थोडो कुशीक आसा."
मी हसलो. तो नाही.

पुढचं पान मी फाडलं.
बेचाळीस वर्षांनी लिहितो आहे, पहिल्यांदाच.
त्यावर काय होतं, पाहिलं नाही,
फाडताना डोळे गच्च मिटलेले.
घडी घालून बांधावरच्या दगडाखाली सरकवलं,
जिथे गावकार देवचारासाठी रोट नि विडी ठेवायचे.
सोयरूबाबांनी पानं मोजली. पुन्हा मोजली.
माझ्याकडे पाहिलं, मग आग्नेलकडे,
मग रजिस्टरातलं नाव पाहिलं आणि त्यावर रेघ मारली.
मी जिन्याची पायरी मोजत होतो. एकच.

आता तो स्विंडनला. गोदामात रात्रपाळी.
इथे झुंजुमुंजू, तिथे मध्यरात्र, तेव्हा फोन.
गुडघे, पोरीचं लग्न, तिथला पाव म्हणजे कापूस,
सगळं संपलं की विचारतो,
"अरे, त्या देवचाराचं शेवटी काय झालं?"
एकदा सांगितलं, दुसरी वहाण मिळाली त्याला.
एकदा, मानस फुटली आणि तो स्वतःच दार होऊन उभा राहिला.
गेल्या खेपेस काहीच सुचेना, म्हटलं, गाव सोडून गेला,
होती ती वहाणही इथेच टाकून.
पलीकडे इतका वेळ शांतता
की मला वाटलं लाइन गेली.

काल त्याने व्हिडिओ लावला.
नेटवर्क धड नव्हतं. अंगात कंपनीचं तांबडं जॅकेट,
मान वळली की जॅकेट मागाहून वळायचं.
ओठ हलायचे, शब्द नंतर.
मी बोट स्क्रीनवर नेलं, त्याला जागेवर सरकवावं तसं.

"कितें पळयता रे?"
कांय ना, म्हटलं.

आणि मग तो हसला,
आधी तोंडाने,
जरा वेळाने आवाजाने.